खांद्यापासून एक बोट

मोठ्या माणसांना धर्म शिकवायला मी लायक नाही, हे मी फादरना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. फादर म्हणाले, "ते मला माहीत आहे. पण तुझ्याकडे सायकल आहे." एवढ्या एका गुणावर मी पालघरच्या आमच्या चर्चमध्ये प्रौढांच्या वर्गाचा प्रमुख झालो. ज्यांना बाप्तिस्मा घेऊन धर्मात यायचं आहे त्यांना वर्षभर शिकवायचं, असा तो वर्ग. प्रमुख म्हणजे मी एकटाच होतो.

साठीच्या दशकाचा मध्य होता. मी मिशनच्या शाळेत तिसरीचा मास्तर, मूळचा वसईकडचा, केळीच्या वाडीत वाढलेला, सत्तावीस वर्षांचा आणि बिनलग्नाचा. डोक्यात राख घालून घ्यायची सवय तेव्हाही होती. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, नुकती लॅटिनमधून मराठीत आली होती आणि इतकी वर्षं पाठमोरे उभे राहणारे फादर आता लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले होते. फादरना लांबचं स्वच्छ दिसे, जवळचं दिसत नसे. त्यामुळे मिस्सेच्या वेळी शेवटच्या बाकावर कोण झोपतं हे त्यांना त्या वर्षी पहिल्यांदा कळलं. तो मी होतो. वर्ग माझ्या गळ्यात पडला त्यात या गोष्टीचाही हात असावा.

तिकडे तारापूरला वीजकेंद्राचं काम निघालं होतं. बोईसर स्टेशनावर रोज नव्या मुलखाची माणसं उतरत होती आणि त्यातलं एखाददुसरं वाट काढत आमच्यापर्यंत येत होतं. वर्ग रविवारी मिस्सेनंतर, माझ्याच तिसरीच्या खोलीत. बाकं आठ वर्षांच्या पोरांच्या मापाची. त्यात ही मोठी माणसं गुडघे छातीला लावून बसत आणि मी त्यांना आत्म्याच्या मुक्तीबद्दल सांगे.

त्या साली चौघं होती. एक तारापूरच्या कामावरचा क्रेनवाला, उत्तरेकडचा, उंचापुरा. त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण लागे. बाप्तिस्म्याच्या वेळी सैतानाचा त्याग करायचा असतो, असं मी सांगितलं तर तो म्हणाला, "मास्टरजी, छोड़ने के लिए पहले पकड़ना पड़ता है न? मैंने तो कभी पकड़ा ही नहीं." मी म्हणालो, मग सोडायला तुला सोपं जाईल, पुढे चल.

दुसरं-तिसरं म्हणजे डोंगराकडचं एक म्हातारं जोडपं. पावसाच्या पाण्यावर पिकणारा जमिनीचा तुकडा होता त्यांचा. भात निघालं की दोघं वैतरण्याच्या खाडीजवळ वीटभट्टीवर कामाला जात, ती जेठात परत येत. म्हणजे ईस्टरआधीच्या ऐन उपासकाळात, जेव्हा वर्ग जोरात चालायचा, तेव्हा हे भट्टीवर. मग मी दर रविवारी दुपारची पॅसेंजर धरून वैतरण्याला जाई आणि चिखलाच्या ढिगाशेजारी उकिडवा बसून शिकवी. पवित्र त्रैक्य, म्हणजे एका देवात तीन व्यक्ती, हा धडा मी तीन रविवार शिकवला. तिसऱ्या रविवारी म्हातारा साच्यातली वीट पाडत शांतपणे म्हणाला, "देव तीन हाय का एक, ते तुमी आदी ठरवा, मंग आमाला सांगा. आमी कुटं जात नाय." मी चिडून चालू लागलो, पण परतीची गाडी दोन तासांनी होती म्हणून परत येऊन बसलो.

पुढे फादरनी त्याची परीक्षा घेतली तेव्हा खरी गंमत झाली. स्वर्गातल्या बापाची प्रार्थना भट्टीवर तो घडाघडा म्हणायचा. फादरच्या ऑफिसात उभा केला तर तोंडातून शब्द फुटेना. "हात मोकळे हायत," एवढंच म्हणाला. मला उशिरा उमगलं. एक ओळ म्हणायची, एक वीट पाडायची, अशी ती प्रार्थना त्याच्या हातांनी पाठ केली होती. साचा हातात नसला की पुढची ओळ येत नव्हती. शेवटी मी दुसऱ्या आठवड्यात भट्टीवरून लाकडी साचा मागून आणला, शाळेच्या विहिरीपाशी चिखल कालवला आणि फादरच्या ऑफिसच्या फरशीवर म्हाताऱ्यानं प्रार्थना सुरू केली. 'आमेन' होईपर्यंत अकरा विटा झाल्या. फादरनी पाय वर घेतले होते. "पास," म्हणाले, "आणि फरशी तू धू."

चौथी ती नर्स. बोईसरला कामगारांसाठी छोटा दवाखाना काढला होता, तिथे होती. नगरकडची, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. मिशनच्या इस्पितळात शिकताना तिनं हे मनात घेतलं होतं आणि कुणाच्या सांगण्यावरून घेतलं नव्हतं. घरी कळवलं तेव्हा वडिलांचं एका ओळीचं कार्ड आलं, की आम्ही तुझ्या नावानं आंघोळ केली. हे तिनं वर्गात असं सांगितलं, जसं कुणी गाडी चुकली म्हणून सांगावं. वर म्हणाली, "त्यांची झाली. माझी तेवढी राहिलीय." क्रेनवाला हसला, म्हातारी रडली. मी खडू शोधत फळ्याकडे वळलो.

मला ती आवडत होती. हे मला कधी कळलं तेही सांगतो, कारण सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. त्या रविवारी मी जामिनाचा धडा घेत होतो. बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या मागे एक जामीन उभा राहतो, धर्मपिता किंवा धर्ममाता. फादर डोक्यावर पाणी ओततात त्या क्षणी त्यानं आपला उजवा हात त्या माणसाच्या खांद्यावर टेकवायचा. हात टेकला नाही तर तो जामीन झालाच नाही. आणि एकदा झाला की ते नातं रक्ताच्या नात्यासारखंच. त्या दोघांचं आपसात लग्न होऊ शकत नाही. तेव्हाचा चर्चचा कायदाच तसा होता. क्रेनवाल्यानं बाकातून हात वर केला. "और मास्टरजी, बाद में दिल आ गया तो?" तो स्वतःच हसला. तीही हसली. आणि मी टेबलावर पट्टी आपटून असा काही ओरडलो की बाहेर पिंपळावरचे कावळे उडाले. सायकलवरून घरी जाताना मी स्वतःलाच विचारलं, गाढवा, तुला एवढं का झोंबलं? रेल्वे फाटकापाशी उत्तर मिळालं. फाटक उघडल्यावरही मी तिथेच उभा होतो.

पुढच्याच रविवारी फादरनी जाहीर केलं की बाप्तिस्मा ईस्टरनंतर सात आठवड्यांनी, पेंटेकॉस्टच्या सणाच्या सकाळी होईल, म्हणजे तोवर भट्टीवरची मंडळीही परतलेली असतील. आणि जामीन कुणाला मिळाला नाही तर काळजी नको, "मास्तर आहेच."

मास्तर होताच. क्रेनवाला आणि म्हातारा यांचा धर्मपिता व्हायला माझी काही हरकत नव्हती. पण तिचा? आणि फादरना खरं सांगायची सोय नव्हती. लग्नासाठी धर्म घेणाऱ्यांवर त्यांचा दात होता. नुसता संशय आला तरी ते माणसाला एक वर्ष थांबवत. मी तोंड उघडलं असतं तर वर्ष तिचं गेलं असतं, तेही तिला काही ठाऊक नसताना. बिशपांकडून खास परवानगी मिळे म्हणतात, पण त्यासाठी कारण लिहून द्यावं लागे. म्हणून मी एवढंच म्हणालो, "फादर, बाईमाणसाला बाई जामीन बरी." फादर म्हणाले, "बरी तर आहे. शोध."

मग माझी वणवण सुरू झाली. आमच्या सिस्टर लोकांना परवानगीशिवाय जामीन राहता येत नव्हतं आणि परवानगी देणाऱ्या मदर दूर मुंबईला. स्टेशनातल्या एका बाबूची बायको कबूल झाली, तर आठ दिवसांत बाबूची बदली. शाळेतल्या शिवणाच्या बाई म्हणाल्या की त्यांना चर्चमध्ये उभं राहिलं की भोवळ येते. मला माहीत होतं की त्यांना माझा राग होता. त्यांच्या वर्गातला पंखा मी काढून नेला होता.

कुणीतरी सांगितलं म्हणून शिरगावला गेलो. किल्ल्यामागे एक ख्रिस्ती बाई राहत होती, मासळी सुकवणारी, साठीची. मी सगळं नीट समजावून सांगितलं. ती बोंबील वाळत घालत ऐकत होती. मग विचारलं, "पोरगी तुजी कोन?"

"कोणी नाही. वर्गात आहे."

"कोनी नाय, आनि तू उनातून सायकल हानीत आलास?" ती म्हणाली, "धर्मआय व्हायचं म्हंजे मरेपर्यंत तिची बाजू घ्यायची. मला दोन सुना हायत, त्यांचीच घेववत नाय. तू दुसरी बघ." वर मला सुके बोंबील बांधून दिले. ते मी फादरना दिले. त्यांना वाटलं मी खूश करायला आणलेत, आणि आता मी काय मागणार, असा त्यांना उगाच संशय आला.

शेवटी वाणगावला, स्टेशनाजवळच्या चाळीत, रेल्वे गार्डाची विधवा सापडली. ठणठणीत म्हातारी, आवाज खणखणीत, सगळ्या प्रार्थना तोंडपाठ. म्हणाली, "येते. दोन्ही बायकांची होते मी. एकीला एक हात, दुसरीला दुसरा." मी म्हटलं, उजवाच लागतो, पण दोघींचा बाप्तिस्मा पाठोपाठ आहे, जमेल. गाडीत बसल्यावर मला इतका आनंद झाला की मी समोरच्या अनोळखी माणसाला शेंगदाणे दिले.

पेंटेकॉस्टच्या सकाळी उकाडा मरणाचा होता. गार्डीणबाई वेळेच्या अर्धा तास आधी हजर. मला वाटलं, जिंकलो. चौघं पांढरे कपडे घालून कुंडापाशी ओळीनं उभी. आधी क्रेनवाला. तो इतका उंच की मला टाचा उंचावून त्याच्या खांद्यापर्यंत पोचावं लागलं. मग म्हातारा. त्याचे हात मोकळे होते म्हणून मी आधीच त्याच्या हातात प्रार्थनेचं जाड पुस्तक दिलं होतं. ते तो दर ओळीला थोपटत होता.

मग म्हातारी. आता फादरचं एक सांगायला हवं. दिलेल्या पाण्याला जोर असावा, असं त्यांचं मत होतं. कुणी शिंपल्यातून चार थेंब सोडतं, हे तांब्या ओतायचे. क्रेनवाल्याचं आणि म्हाताऱ्याचं काही बिघडलं नाही. पण म्हातारीचं पांढरं लुगडं नवं, पातळ. डोक्यावरून पाणी आलं आणि लुगडं सगळं अंगाला चिकटलं. जन्मात कधी एवढ्या लोकांसमोर अशी उभी न राहिलेली ती बाई, तिनं दोन्ही हातांनी गार्डीणबाईंना मिठी मारली. गार्डीणबाईंनी क्षणाचा विचार केला नाही. स्वतःचा पदर तिच्याभोवती गुंडाळला आणि तिला घेऊन तरातरा मागच्या खोलीत गेल्या. त्यांनी केलं ते योग्यच होतं. त्या जागी कुणीही शहाण्या बाईनं तेच केलं असतं.

कुंडापाशी नर्स एकटी उभी राहिली. डोळे मिटलेले, मान पुढे. फादरनी तांब्या उचलला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, पुढे ये."

मी म्हणालो, "त्या येतीलच आता."

"कपडे बदलायला बायकांना किती वेळ लागतो ते मला माहीत नाही आणि तुलाही नाही. ये."

सगळं चर्च बघत होतं. मी पुढे गेलो. हात उचलला. आणि तिच्या उजव्या खांद्यापासून एक बोट वर तो धरून ठेवला. टेकवला नाही. फादरना जवळचं दिसत नव्हतं, बाकीच्यांना माझी पाठ दिसत होती. पाणी पडत होतं, माझी बाही भिजत होती, आणि मी मनात म्हणत होतो, टेकू देऊ नकोस, टेकू देऊ नकोस. मला वाटतं, त्या दिवशी त्या चर्चमध्ये माझ्याइतक्या कळकळीनं कुणी प्रार्थना केली नसेल.

फादरनी नोंदवहीत लिहिलं. धर्मपित्याच्या रकान्यात माझं नाव.

तीन आठवडे मी कळ काढली. मग फादरकडे जाऊन सगळं सांगून टाकलं. आता बाप्तिस्मा झालेला होता, तिचं वर्ष कुणी अडवणार नव्हतं. मला वाटलं, प्रेमाचं ऐकून ते भडकतील. ते त्यांनी माशी वारावी तसं बाजूला सारलं. "हात किती वर होता?"

"एक बोट."

"आडवं की उभं?"

"आडवं, फादर."

त्यांनी कपाटातून कायद्याचा लॅटिन ग्रंथ काढला, हात लांब करून धरला आणि अर्धा तास वाचला. मग म्हणाले की बाप्तिस्मा पक्का आहे, त्याला धक्का नाही. पण मी तिचा धर्मपिता नाही. नाव खोडावं लागेल आणि रकाना रिकामा राहील. "पण पान तिचं आहे. आधी तिला सांगून ये."

मी बोईसरची वाट धरली. सायकल इतकी जोरात मारली की वाटेत दोनदा साखळी उतरली. दवाखान्यात ती एकटीच होती, पट्ट्या गुंडाळत होती. मी घाम पुसत सगळं सांगितलं. क्रेनवाल्याच्या प्रश्नापासून आडव्या बोटापर्यंत. थोडा अभिमानानंच सांगितलं, खोटं कशाला बोलू. आणि शेवटी लग्नाचं विचारलं.

ती पट्टी गुंडाळत राहिली. म्हणाली, "हात टेकला नाही हे मला तेव्हाच कळलं, मास्तर. नियम मला पाठ आहे, तुम्हीच शिकवलात. का टेकवला नाहीत, तेही बोईसरला उतरेपर्यंत कळलं."

"मग?"

"मग काय. डोळे मिटून उभी होते. पाणी पडायला लागलं आणि मी हाताची वाट बघत होते. कुणाचाही चालला असता. त्या वाणगावच्या आजींचा, क्रेनवाल्याचा. माझ्या घरचं कोणी यायचं नव्हतं, ते ठाऊक होतं. पण निदान मागे एक माणूस असेल, असं धरून आले होते." तिनं पट्टीला टाचणी लावली. "तुम्ही लग्नाचा विचार केलात. माझा नाही केलात."

मला राग यायला हवा होता. एरवी शेळीनं रस्ता अडवला तरी यायचा. आला नाही. नुसती लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

निघताना तिनं विचारलं, "नाव खोडणार का?"

"फादर म्हणाले, तुला सांगून. रकाना रिकामा राहील."

"राहू दे," ती म्हणाली. "सवय आहे."

परत येताना मी सायकल हातात धरून चालत आलो. बसावंसं वाटेना. संध्याकाळी फादर व्हरांड्यात होते. नोंदवही टेबलावर, शेजारी दौत. मी म्हणालो, "फादर, हात टेकला होता."

"सकाळी एक बोट होतं."

"घाबरलो होतो, तसं वाटलं."

"आडवं बोट म्हणालास."

"टेकला होता, फादर."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या अगदी जवळ उभा होतो, म्हणजे मी त्यांना नीट दिसत नसणार. तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. "मला जवळचं दिसत नाही," म्हणाले आणि वही मिटली. हे खोटं मी कधीच कन्फेशनला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर फादरनी मलाच वही पुन्हा उघडायला लावली असती.

दीड वर्षानं तिचं लग्न ठरलं, कामावरच्या एका वायरमनशी. भला माणूस होता. लग्नासाठी बाप्तिस्म्याचा दाखला लागतो, तो घ्यायला ती पालघरला आली. फादरनी दाखला लिहून दिला. शाळा सुटत होती. पोरांच्या गर्दीतून वाट काढत ती माझ्या वर्गाच्या दाराशी आली आणि दाखला वाचत उभी राहिली.

"तुमचं नाव आहे," ती म्हणाली.

"आहे."

"हात टेकला होता?"

टेकला नव्हता हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी म्हणालो, "टेकला होता."

तिनं दाखल्याची घडी घातली. "मग बरं," म्हणाली, आणि वाकून माझ्या पाया पडली.